तुमच्या शहरात कुणाचं विमान?

लुधियान्याच्या जिल्हा कोर्टात मी गेलो तो एका कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला. मावसभाऊ तिथे शिलाई मशिनच्या सुट्या भागांचा व्यापार करतो, त्याच्या भाडेकराराचं काम होतं. जानेवारीतलं धुकं इतकं दाट, की टायपिस्टांच्या टेबलांवरचे पिवळे बल्ब तेवढे दिसत होते, माणसं दिसत नव्हती. वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं, ‘जहाज के पास खड़े रहिए, मैं आता हूँ.’ कोर्टात जहाज कुठलं आलं, असं मनात म्हणत, विचारत विचारत गेलो, तर ध्वजस्तंभाजवळ खरोखरच विमान. नॅट जातीचं, लढाऊ, पण अगदीच चणीनं लहान. शेजारी निर्मलजित सिंग सेखों यांचा पुतळा. आसपास स्टँपपेपरवाले, नोटरी, तारखेला आलेली माणसं, बायकोशी फोनवर भांडणारा एक जण. कोर्टात येणाऱ्या कुणालाही दुसऱ्या कुणाला भेटायचं असलं की त्यानं जहाजापाशी थांबायचं, असा तिथला रिवाज असावा. मी थांबलो. चहावाल्यानं काचेचा ग्लास हातात देत विचारलं, कुठून आलात? म्हटलं, बडोद्याहून. मग त्यानं विमानाकडे मान वळवून, जणू प्रत्येक शहरात असं एक असतंच, अशा सुरात विचारलं, ‘आपके शहर में किसका जहाज लगा है?’

काय सांगणार? म्हटलं, आमच्याकडे राजाचा घोडा आहे. काळा घोडा. तो थोडा वेळ विचारात पडला आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, ‘घोड़ा भी ठीक है जी.’

सही झाली, काम झालं, पण तो प्रश्न गोल्डन टेंपल मेलमध्ये माझ्याबरोबर चढला. रतलाम मागे पडलं तरी उतरेना. सेखोंची गोष्ट शाळेत असताना कधीतरी वाचलेली असते, वाचून विसरलेली असते. हवाई दलाचं एकुलतं एक परमवीर चक्र, एवढं प्रश्नमंजूषेपुरतं लक्षात राहतं. पण त्या लहानशा यंत्राशेजारी उभं राहिल्यावर गोष्टीतले इतर तपशील अंगावर आले. १४ डिसेंबर १९७१. श्रीनगर. त्या खोऱ्यात कित्येक वर्षं आपली लढाऊ विमानं ठेवलीच नव्हती, १९४८च्या समझोत्यामुळे. त्यामुळे नॅट घेऊन गेलेल्या या पोरांना ना तिथले डोंगर ओळखीचे, ना तिथली थंडी. परमवीर चक्राच्या मानपत्रातसुद्धा ते नमूद केलेलं आहे. धावपट्टीवर पाकिस्तानी सेबर विमानांचे बॉम्ब पडायला लागलेले, आणि त्या धुरळ्यातून हा माणूस उडाला. पुढच्या नॅटमधला त्याचा जोडीदार घुमान त्या गदारोळात त्याच्या नजरेआड झाला. मग एकटा नॅट आणि समोर सेबरांचा जथा. एकाला गोळ्या लागल्या, दुसरं पेटलं, असं मानपत्र सांगतं. शेवटी त्याचंही विमान पडलं. अवशेष एका दरीत मिळाले. तो मिळाला नाही. त्याला पाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकानं, सलीम बेग मिर्झानं, पुढे त्याच्या कौशल्याची तारीफ करणारा लेख लिहिला. सेखोंच्या लग्नाला काही महिनेच झाले होते. गाव इसेवाल, लुधियान्याजवळचं. गेला काश्मीरच्या डोंगरात, पुतळा कोर्टात.

घरी आल्यावर हे सगळं मी नानाकाकांना सांगितलं. नानाकाका आमच्या बाबाजीपुऱ्यातले, आता ऐंशीला टेकलेत, एके काळी हवाई दलात फिटर होते आणि अंबाल्याला नॅटवर काम केलेले. मला वाटलं, त्यांना भरून येईल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘खांबावर चढवलंय की जमिनीवर?’ म्हटलं, का? म्हणाले, ‘नॅट वर बघण्याचं विमान नाही रे. आम्ही जमिनीवर उभं राहूनच त्याची बहुतेक कामं उरकायचो. शिडी लागायची ती नावाला. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मीटरसुद्धा भरायचं नाही. सेबर त्याच्यापुढे केवढं मोठं! म्हणून तर आकाशात सापडायचं नाही ते.’ मग त्यांची गाडी तोफांवर गेली. तीस मिलिमीटरच्या दोन तोफा आणि त्या ऐन वेळी अडकायच्या. नियंत्रणांचा त्रास वेगळा. इंग्रजांनी आराखडा केला, पण स्वतःच्या हवाई दलात ते फक्त शिकाऊ वैमानिकांसाठी ठेवलं. लढाईत वापरलं आपण. बेंगळुरूला बनवलं, दुरुस्त केलं, शिव्या दिल्या आणि वापरलं. त्यांच्या बोलण्यात त्या यंत्राबद्दल जो राग आणि जी माया होती, ती वेगळी काढता येत नव्हती. ‘एक नॅट कराचीलापण आहे,’ ते म्हणाले. ‘१९६५ला पाकिस्तानात पसरूरला उतरलेलं. त्यांनी म्युझियममध्ये ठेवलंय. तिथेही कुणीतरी नातवंडांना घेऊन जात असेल बघायला.’ हे बोलताना मात्र ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी अगोदर कधीच ऐकली नव्हती. विमान उडायच्या आधी वैमानिक एका वहीवर सही करतो. फॉर्म ७०० म्हणतात तिला. विमानात काय दुरुस्त केलं, काय तपासलं, कुणी तपासलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. फिटरची सही असते, आणि मग वैमानिक त्याखाली सही करून विमान ताब्यात घेतो. पुढे कॉकपिटमध्ये पट्टे आवळून द्यायचे, सीटच्या पिना काढून त्याला दाखवायच्या, त्यानं मान हलवायची, आणि आपण खाली उतरायचं. ‘म्हणजे बघ,’ नानाकाका म्हणाले, ‘तो विमान माझ्याकडून सही करून घेऊन जायचा. परत आला की आम्ही पहिल्यांदा विमानाकडे बघायचो. कुठे भोक पडलंय, कुठे गळतंय. माणसाकडे नंतर.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘आणि नाही आला, तर सही राहायची.’

काकूंनी आतून विचारलं, चहात आलं घालू का. त्यांनी हो म्हटलं आणि विषय संपवला.

मी मात्र त्या सहीपाशी अडकलो. देह नाही, राख नाही, आणि एक सही आहे. आमच्या घरात अशीच एक गोष्ट होती, ती मला त्या रात्री आठवली. आजोबांचे एक चुलतभाऊ नोकरीसाठी रंगूनला गेलेले. जपान्यांचे बॉम्ब पडायला लागल्यावर ब्रह्मदेशातून माणसं पायी निघाली, त्यांत तेही असावेत, असा सगळ्यांचा समज. पत्र नाही, निरोप नाही. त्यांच्या बायकोला आम्ही मुलं रंगूनआजी म्हणायचो. ती स्वतः रंगूनला कधी गेली नव्हती, तरी. बारा वर्षं तिनं कुंकू लावलं. बारा वर्षं झाल्यावर गुरुजींना बोलावून दर्भाचा पुतळा केला आणि विश्वामित्रीच्या काठी त्याला अग्नी दिला. हे मी पाहिलेलं नाही, आजीनं सांगितलेलं. आजी म्हणायची, त्या दिवशी ती रडली नाही, पण पुतळा बांधणाऱ्या गुरुजींना म्हणाली, ‘खांदे जरा रुंद करा, ते रुंद होते.’ गवताचे खांदे. गुरुजींनी ते निमूटपणे रुंद केले म्हणे.

आपल्या शास्त्रांचं मला सगळंच पटतं असं नाही, पण ही सोय ज्यानं केली त्याला घरातल्या बायांची अवस्था ठाऊक असावी. वाट बघण्याला शेवटची तारीख दिली त्यानं. कोर्टातल्या त्या विमानाकडे मी पुन्हा त्याच नजरेनं बघायला लागलो. ते सेखोंचं विमान नव्हे, त्यांचं तर दरीत तुकडे तुकडे झालेलं. हे त्याच जातीचं दुसरं. ज्याचा देह मिळाला नाही त्याच्यासाठी केलेला हा पुतळाच. दर्भाऐवजी धातूचा, आणि अग्नीऐवजी धुक्यात उभा केलेला.

पण ज्यांना बारा वर्षांची ती तारीखही मिळाली नाही, त्यांचं काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. त्याच डिसेंबरात, ५ तारखेला, त्यांचं सुखोई पाकिस्तानात पडलं. तिकडच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव छापून आलं. म्हणजे जिवंत? मग युद्धकैदी परत आले, त्यांत ते नव्हते. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत त्यांचं नाव राहिलं. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. त्यांनी सरकारदरबारी किती वर्षं पत्रं लिहिली, किती दारं वाजवली! २००७मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये जाऊनसुद्धा शोधून आले. हाती काही लागलं नाही. अशा माणसाचं विमान कुठल्या चौकात लावायचं? लावणाऱ्याचा हात वर उचलेल का? स्मारक उभं करणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, की बाई, आता थांब. तो अधिकार महानगरपालिकेला असतो का, मला माहीत नाही. हुतात्म्याच्या फोटोला घातलेला हार बघून मला हल्ली आधी त्याच्या घरचं कुणीतरी आठवतं, ज्याला तो हार बघवत नसेल.

विषय बडोद्याचा होता. आपल्या शहरात कुणाचं विमान?

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना या ‘आपल्या’ शब्दाचा त्रास जरा जास्तच. पुण्यात कुणी विचारतं, गाव कुठलं? आम्ही म्हणतो, बडोदा. तो म्हणतो, हो, पण मूळ गाव? मूळ गाव साताऱ्याकडचं, असं आजोबा सांगायचे. पण तिथे आमचं घर नाही, शेत नाही, ओळखणारं कुत्रंही नाही. गायकवाडांच्या बरोबर आलो ते पिढ्यान् पिढ्या इथेच. दांडिया बाजारातल्या भाजीवालीशी गुजराती, घरात मराठी, आणि भांडताना दोन्ही. तरीही बडोद्याच्या नावाचा गर्व म्हणाल तर पुरेपूर. त्यामुळे नानाकाकांनी पुढच्या भेटीत जे सांगितलं, ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. म्हणाले, ‘तुझ्या त्या चहावाल्याला सांगायचं होतंस, आमच्या शहराची अख्खी स्क्वाड्रन होती म्हणून.’

ते खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धात संस्थानिकांनी इंग्रजांना विमानांसाठी पैसा दिला आणि रॉयल एअर फोर्सच्या काही स्क्वाड्रन्सना, म्हणजे विमानांच्या तुकड्यांना, त्या त्या संस्थानांची नावं मिळाली. हैदराबाद होती, म्हैसूर होती, आणि १२४ क्रमांकाची बडोदा स्क्वाड्रन. प्रतापसिंहराव गादीवर होते तेव्हा. मे १९४१मध्ये ही स्क्वाड्रन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउन इथे नव्यानं उभी राहिली. विमानं स्पिटफायर. त्यांत इंग्रज पोरं होती, चेकोस्लोव्हाकियातून नाझींच्या तावडीतून निसटून आलेले वैमानिकही होते. पुढे फार उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी दाबबंद कॉकपिटची खास स्पिटफायर त्यांना मिळाली. शेवटी शेवटी जर्मनांच्या व्ही-२ रॉकेटांच्या तळांवर त्यांनी हल्ले केले. एप्रिल १९४६मध्ये स्क्वाड्रनचा क्रमांक बदलला आणि बडोद्याचं नाव त्याबरोबर पुसलं गेलं. त्या पोरांपैकी कितीकांना नकाशावर बडोदा दाखवता आलं असतं? ज्यांची विमानं इंग्लिश खाडीत पडली, त्यांच्या स्क्वाड्रनच्या नावात मात्र आमचं गाव होतं.

आणि त्यांचं बोधचिन्ह काय असावं? मुंगूस. बडोद्याचं म्हणून मुंगूस! मी ऐकून हसलोच. लंडनमधल्या कुणा चिन्हशास्त्रींना बडोदा म्हटल्यावर मुंगूस सुचावं. विश्वामित्रीत इतक्या मगरी पडलेल्या असताना! खाली ब्रीद, संकट हीच आमची संधी. नंतर मात्र तो प्राणी मला आवडायला लागला. लहानपणी परसात मुंगूस दिसलं की आम्ही ओरडायचो, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ,’ आणि ते खरंच क्षणभर थबकून मागे वळून बघायचं. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, परीक्षा असेल तर पेपर सोपा जातो. हे चिन्ह छातीवर लावून खाडीवर निघालेल्या कुणा चेक पोराला ही शपथ कुणी शिकवली नसणार.

इथपर्यंत मी खुशीत होतो. नानाकाकांना म्हटलं, आपण कुठेतरी एक फलक लावू या. साधा. या शहराच्या नावानं लढताना जे गेले, त्यांच्यासाठी. नानाकाकांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘१८ ऑगस्ट १९४२ला काय झालं, ठाऊक आहे ना?’ ठाऊक होतं. बडोद्याहून छोडो भारतचा प्रचार करायला निघालेल्या विद्यार्थ्यांवर अडास स्टेशनजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आपली पोरं मेली. आमच्या घरात तो विषय निघाला की आजोबा आवाज खाली आणत, पोलीस दाराबाहेर उभे असल्यासारखे. ‘आणि १९ ऑगस्टला,’ नानाकाका म्हणाले, ‘फ्रान्सच्या किनाऱ्यावर, जर्मनांच्या ताब्यातल्या दिएपवर मोठा हल्ला झाला. त्यात तुझी ही बडोदा स्क्वाड्रन उडत होती. एक दिवसाचं अंतर. एकीकडे इंग्रजांची गोळी खाणारा बडोद्याचा, दुसरीकडे इंग्रजांसाठी उडणारा बडोद्याच्या नावाचा. फलक कुणाचा लावतोस?’

मला उत्तर सुचलं नाही आणि सुचलं नाही याचा रागही आला. कारण दोन्ही बाजूंना वीस-बावीस वर्षांची पोरंच होती. चेक पोरगा काही साम्राज्य वाचवायला आलेला नव्हता, त्याचा देश गिळला होता म्हणून तो आलेला. अडासला गेलेला पोरगा वर्गातून उठून आगगाडीत बसलेला. प्रतापसिंहरावांचा पैसा शेवटी कुणाचा होता? सारा भरणाऱ्यांचाच. म्हणजे ज्या घरातला पोरगा अडासला पडला, त्या घराचाही एखादा रुपया त्या स्पिटफायरमध्ये गेला असेल. हे गणित घालत बसलो की काहीच हाती लागत नाही. लुधियान्याचं बरं आहे, असं हेव्यानं वाटून गेलं. त्यांचा माणूस त्यांच्या जिल्ह्यातला, युद्ध आपलं, शत्रू कोण ते स्पष्ट. तिथे पुतळ्याखाली उभं राहून कुणाला वाद घालावा लागत नाही. पत्ता सांगितला की झालं. अर्थात इसेवालच्या त्या घरातही सगळं इतकं सरळ असेल असं नाही. वडीलही हवाई दलातलेच. मुलाचं विमान पडलं म्हणजे काय, हे त्यांना वर्दीवाल्यानं येऊन समजावून सांगायची गरज पडली नसेल, आणि ते अधिक वाईट.

काकू इतका वेळ वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, ‘सर्वपित्रीला आपण ज्यांचं कुणी नाही त्यांच्या नावानंही पान वाढतो. तिथे कुठे विचारतो, तू कुणाच्या बाजूनं होतास?’ नानाकाका म्हणाले, ‘अगं, श्राद्ध वेगळं, फलक वेगळा. फलक रस्त्यावर असतो.’ काकू म्हणाल्या, ‘मग रस्त्यावर लावू नका. चौकात लावलात तर आठ दिवसांत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्यावर चढेल. शाळेत लावा.’ हे मात्र दोघांनाही पटलं.

तर सध्या आम्ही मजकूर करतोय. मी लिहिलेला पहिला मसुदा नानाकाकांनी लाल पेनानं रंगवून परत पाठवला. ‘अमर’, ‘तेजस्वी’ वगैरे सगळं उडवलंय. अडास वर, स्क्वाड्रन खाली, मध्ये रेघ, आणि दोन्हींत १८ आणि १९ ऑगस्ट या तारखा ठळक, असं त्यांचं म्हणणं. रेघ नको, असं माझं. गुजराती मजकूर शेजारचे निवृत्त मास्तर लिहून देतो म्हणालेत, फक्त लांबण लावू नका अशी अट घातलीय. मुंगूस ठेवायचं, यावर काकू ठाम आहेत. नानाकाका म्हणतात लोक हसतील, काकू म्हणतात हसू देत, पोरं तेवढ्यासाठी तरी थांबून वाचतील. फाइन आर्ट्सच्या एका मुलीनं चित्र काढून आणलं, पण ते खारीसारखं दिसतंय. तिला परत पाठवलंय.